प्रतिपक्ष नसलेल्या खेळातील नियमवाचन



भाषेच्या तासाला प्रकट वाचन व मूकवाचन असे वाचनाचे दोन प्रकार मानण्याची रूढी आहे. या दोहोंखेरीज वाचनाची आणखी एक तऱ्हा आहे आणि तिच्याकडे शाळांतून फारसे लक्ष दिले जात नाही. ती म्हणजे नियमांचे वाचन. गोष्ट वाचताना एखादा शब्द निसटला तरी ओघात अर्थ लागतो. कवितेतील एका शब्दातून दोन अर्थ निघाले तर रसिकाचा आनंद दुणावतो. नियमाच्या बाबतीत तसे नाही. तेथे शब्द निसटला की कृती चुकते आणि दोन अर्थ निघाले की तंटा उभा राहतो. शिक्षकांना परिपत्रके वाचण्याचा सराव असतोच. 'शक्यतो' हा एकच शब्द किती प्रश्न मिटवितो आणि किती नवे उभे करतो, हे त्यांना वेगळे सांगण्याचे कारण नाही.

मुलांना नियम वाचण्याची गोडी लागावयाची तर तो नियम त्यांच्या जिव्हाळ्याच्या विषयाचा, म्हणजे खेळाचा असला पाहिजे. मेंढीकोटाचा डाव सर्वांच्या परिचयाचा आहे. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू होतात. हुकूम बंद ठेवावयाचा की पत्ता कापताना ठरवावयाचा, हे गावागणिक, किंबहुना घरागणिक बदलते. त्यावरून तंटा झाला तर तो फार वेळ चालत नाही, कारण दोन्ही बाजूंना बोलणारे असतात. एका जोडीने नियम आपल्याकडे ओढला की दुसरी जोडी तो आपल्याकडे ओढते आणि अखेर तो कोठेतरी मध्यावर स्थिरावतो. नियमाचे रक्षण येथे प्रतिपक्ष करतो.

आता ज्या खेळात प्रतिपक्षच नाही, त्याची कल्पना करावी. असे खेळ सांप्रत पुष्कळ निघाले आहेत. त्यांपैकी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम' हा खेळ 2011 साली अमेरिकेतील फँटसी फ्लाइट गेम्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्याची रचना नेट फ्रेंच यांची. 1954 व 1955 या वर्षांत तीन भागांत प्रसिद्ध झालेल्या टोल्किन यांच्या अद्भुत कादंबरीतील पात्रे व स्थळे या खेळात येतात. सर्व खेळाडू एकाच पक्षाचे. प्रत्येकापाशी एक ते तीन नायक आणि स्वतः जुळविलेला किमान 50 पत्त्यांचा संच असतो. संकटांचे पत्ते निराळे. ते कोणाच्याही हातात नसतात. दर फेरीत खेळाडूमागे एक याप्रमाणे ते उलटले जातात आणि अरण्यातले राक्षस, वाटेतले दुर्गम प्रदेश व अवचित येणारे घात खेळाडूंपुढे उभे करतात. जिंकले तर सारे मिळून जिंकतात, हरले तर सारे मिळून हरतात.

संकटांच्या पत्त्यांना तोंड नाही. एखाद्या पत्त्याचा अर्थ खेळाडूंनी आपल्या सोयीने लावला तर "असे नव्हे" म्हणून हरकत घेणारा टेबलाभोवती कोणी नसतो. वादी तेच, न्यायाधीशही तेच. मेंढीकोटात भिडू लबाडी करू लागला तर समोरचा त्याला पकडतो. येथे लबाडी करावी लागतच नाही, नुसते सोयीचे वाचन पुरते. आणि गंमत अशी की ते करणाऱ्याला आपण तसे करीत आहोत याचा पत्ताही नसतो. पराभव एका पत्त्यावर येऊन ठेपला की माणसाला त्या पत्त्यातील शब्दांत नवनवे अर्थ दिसू लागतात.

तेव्हा वाचनाला काही शिस्त हवी. ती कशी लागते हे त्या खेळातील काही पत्त्यांवरूनच पाहणे बरे.

पहिला प्रश्न एका शब्दाच्या अनेक अर्थांचा. या खेळात 'थ्रेट', म्हणजे धोका, हा शब्द तीन ठिकाणी येतो. नायकाच्या पत्त्यावर एक धोक्याचा अंक असतो. आपल्या सर्व नायकांच्या अशा अंकांची बेरीज करून खेळाडू डावाला आरंभ करतो. ती बेरीज दाखविणारी तबकडी खेळाडूपुढे असते. डावात हा धोका वाढत जातो आणि 50 वर पोहोचला की तो खेळाडू बाद होतो. तिसरा धोका शत्रूच्या व स्थळाच्या पत्त्यांवर असतो. मोहिमेच्या वेळी तीवर गेलेल्या पात्रांच्या निर्धाराची बेरीज या धोक्याच्या बेरजेशी ताडून पाहतात. पात्रांची बेरीज कमी पडली तर जेवढी तूट, तेवढा प्रत्येक खेळाडूच्या तबकडीवरील धोका वाढतो. म्हणजे तिसऱ्या धोक्याचे रूपांतर दुसऱ्यात होते. मग एखादा पत्ता नुसते "धोका कमी करा" असे म्हणेल तर तो कोणता? नियमपुस्तिकेने तिन्हींना निरनिराळी विशेषणे दिली आहेत. परंतु नवखा खेळाडू विशेषण गाळून वाचतो आणि घोटाळा होतो. आपल्याकडील शास्त्रग्रंथ आरंभीच परिभाषा का सांगून टाकतात, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. या खेळात गँडाल्फ नावाच्या जादूगाराचा एक पत्ता आहे. तो खेळण्यास पाच द्रव्ये द्यावी लागतात आणि फेरी संपली की तो टाकून द्यावा लागतो. त्याचा लाभ मात्र मोठा: तो डावात आला की खेळाडूने तीन पत्ते घ्यावेत, किंवा एका शत्रूला चार घाव द्यावेत, किंवा आपला धोका पाचाने उतरवावा. 'स्नीक अटॅक' नावाचा दुसरा एक पत्ता आहे. त्याची किंमत अवघी एक. त्याच्या साहाय्याने हातातील एक सहकारी तात्पुरता डावात ठेवता येतो आणि तो टप्पा संपताच परत हातात घ्यावा लागतो. आता पाच द्रव्यांचा गँडाल्फ एका द्रव्यात आणला, तर त्याचा लाभ मिळेल काय?

येथे खेळाडूंची दोन मते होतात. एक म्हणतो, गँडाल्फ खेळलाच नाही, त्याची किंमत दिली नाही, मग लाभ कसला? दुसरा म्हणतो, पत्त्यावरचा शब्द 'खेळल्यावर' असा नसून 'डावात आल्यावर' असा आहे. या खेळात 'खेळणे' म्हणजे किंमत देऊन हातातील पत्ता मांडणे. 'डावात येणे' हे त्याहून व्यापक आहे. खेळलेला प्रत्येक सहकारी डावात येतो, परंतु डावात आलेला प्रत्येक सहकारी खेळलेला असतोच असे नाही. दुसऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. लाभ मिळतो. एवढेच नव्हे, तर टप्पा फेरीच्या आधी संपत असल्यामुळे गँडाल्फ टाकून न देता हातात परत येतो आणि पुन्हा उपयोगी पडतो. हा जोड-डाव या खेळात प्रसिद्धच आहे. पहिल्या खेळाडूला हा अन्याय वाटला, तरी त्याने जे नाकारले ते पत्त्यावर लिहिलेले होते. आपल्याविरुद्ध अर्थ लावला म्हणजे तो प्रामाणिक झाला, असा एक समज असतो. तो खरा नाही. शब्द आहे तेवढा वाचणे, कमीही नाही आणि जास्तही नाही, हे सोयीच्या वाचनाइतकेच कठोर वाचनालाही लागू आहे.

याच जातीचा आणखी एक प्रश्न 'अ टेस्ट ऑफ विल' या पत्त्याचा. संकटाचा पत्ता उलटताच घडणारा परिणाम रद्द करण्याची सोय त्यात आहे. पुष्कळ खेळाडू त्याचा अर्थ 'पत्ता रद्द' असा करतात. परंतु रद्द होतो तो एक परिणाम. त्या संकटपत्त्यावर 'आणखी एक पत्ता उलटा' अशी स्वतंत्र खूण असेल तर ती तशीच राहते व तिचा अंमल करावाच लागतो. अर्जातील एक मागणी फेटाळली म्हणून सारा अर्ज निकालात निघत नाही, तसेच हे.

सामान्य नियम व विशेष नियम यांच्या संघर्षाविषयी फार सांगण्याची आवश्यकता नाही. पुस्तिकेतील नियम व पत्त्यावरील मजकूर यांचा विरोध आला तर पत्ता प्रमाण, असे त्या पुस्तिकेतच म्हटले आहे. ज्यांनी संस्कृत व्याकरणाचा थोडासाही परिचय करून घेतला आहे त्यांना उत्सर्ग व अपवाद यांचे नाते ठाऊक आहे; अपवाद उत्सर्गाला बाधतो. हे शास्त्र आपल्याकडे किती खोलवर गेले होते हे पाहावयाचे असेल तर पूर्वमीमांसेकडे वळावे. यज्ञाच्या विधींत कोणत्या शब्दाचा अन्वय कशाशी करावा, यासाठी जैमिनीच्या परंपरेने श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या अशी सहा प्रमाणे मानली आणि त्यांत आधीचे नंतरच्याहून बलवान ठरविले. प्रत्यक्ष शब्द सर्वांत बलवान. नुसत्या नावावरून काढलेला अर्थ सर्वांत दुर्बळ. पत्त्याचे नाव 'संरक्षण' आहे म्हणून तो संरक्षण देतोच असे मानणारा खेळाडू समाख्येवर विसंबतो, असे मीमांसक म्हणाला असता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेची ही पद्धती विस्ताराने उलगडली आहे. जिज्ञासू शिक्षकांनी ती अवश्य पाहावी.

परंतु शब्द स्पष्ट असूनही तो लिहिणाराच चुकला असेल तर? 'हॉर्न ऑफ गोंडोर' या पत्त्याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. तो एका नायकाला जोडतात. कोणतेही पात्र डावातून गेले की त्या नायकाला एक द्रव्य मिळावे, असा त्याचा मूळ मजकूर होता. युद्धात साथी पडला असता रणशिंग फुंकावे, ही कल्पना त्यामागे असावी असे वाटते. पण मजकुरात 'गेले' असा व्यापक शब्द पडला होता. स्नीक अटॅकने आणलेला गँडाल्फ हातात परतला, तरी तो डावातून गेलाच! कोणी मेले नाही, कोणी पडले नाही, आणि खर्चलेले एक द्रव्य परत मिळाले. खेळाडूंनी याचा यथेच्छ लाभ घेतला व तो घेण्यात गैर काही नव्हते. पुढे प्रकाशकांनी शुद्धिपत्रक काढले आणि 'डावातून गेल्यावर' याऐवजी 'नष्ट झाल्यावर' असा शब्द घातला. तेव्हापासून परतणाऱ्या गँडाल्फसाठी शिंग वाजेनासे झाले.

यात ध्यानी घेण्यासारखी गोष्ट ही की दुरुस्ती लेखकाच्या बाजूने झाली, वाचकाच्या बाजूने नव्हे. लेखकाच्या मनात काय असावे याचा तर्क करून वाचकाने शब्द बदलणे आणि लेखकाने स्वतः शब्द बदलणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. नारायणराव पेशव्यांचा 1773 साली वध झाला. त्याविषयीची 'ध' चा 'मा' झाल्याची आख्यायिका महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असते. ती घडली तशी असो वा नसो, मराठी माणसाने ती वाक्प्रचार म्हणून जपून ठेवली आहे. अक्षर बदलले की अर्थ बदलतो हे तर तिच्यात आहेच. पण ते बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न तिच्यात आहे. खेळाडूंना एखादा नियम अन्यायाचा वाटला तर त्यांनी तो एकमताने बदलून खेळावा, कोणी अडविणार नाही. मात्र तो बदलला असे म्हणावे. त्याचा अर्थच मुळी असा होता, असे म्हणू नये.

आता खरोखर संदिग्ध असलेल्या जागा. दोन परिणाम एकाच क्षणी घडावयाचे असतील व त्यांचा क्रम कोठेच सांगितलेला नसेल, तर पहिल्या खेळाडूने क्रम ठरवावा, अशी या खेळात तरतूद आहे. पहिला खेळाडू दर फेरीला बदलतो, त्यामुळे हा अधिकार एकाच्याच हाती राहत नाही. त्याच संस्थेने 2016 साली भयकथांवर आधारलेला 'अर्कम हॉरर : द कार्ड गेम' हा दुसरा सहकारी खेळ काढला, त्यात तर एक विलक्षण नियम घातला आहे. नियमाचे उत्तर सापडतच नसेल, तर त्या क्षणी खेळाडूंना जे सर्वांत प्रतिकूल वाटेल ते करावे आणि खेळ पुढे चालवावा. प्रतिपक्ष नाही, तर खेळाडूंनीच काही क्षण प्रतिपक्षाच्या आसनावर बसावे, असा त्याचा आशय. नियम चांगला आहे. परंतु तो शेवटचा उपाय आहे. पुस्तिका न उघडता, पत्ता दुसऱ्यांदा न वाचता, आरंभीच "वाईट तेच धरू" असे म्हणणारे खेळाडू नम्र दिसतात, पण त्यांनी वाचनाचे कष्ट चुकविलेले असतात.

काही नियमांचा अर्थ शब्दांनी पुरा होतच नाही. 2011 च्या पुस्तिकेत खेळाडूंनी आपसांत बोलून बेत ठरवावेत असे म्हटले आहे. मात्र हातातील पत्त्याचे नाव घेऊ नये, त्यावरील मजकूर वाचून दाखवू नये, असाही निर्बंध आहे. मग "त्या राक्षसाची चिंता नको, तो माझ्याकडे लागला" असे म्हणावे काय? म्हणावे. "माझ्या हातात राखाडी अंगरख्याचा एक म्हातारा आहे" असे म्हणावे काय? नाव घेतलेले नाही, मजकूर वाचलेला नाही. शब्दशः पाहिले तर निर्बंध मोडत नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजाचे शब्दही खोटे नव्हतेच. येथे निर्बंधाचे प्रयोजन पाहावे लागते. साऱ्यांचे हात साऱ्यांना कळले तर जो खेळाडू हुशार व बोलका, तोच सर्वांचे पत्ते खेळू लागेल आणि इतर जण नुसते हात हलवीत बसतील. हे टाळण्यासाठी तो निर्बंध असावा, असे त्याच्या रचनेवरून दिसते. म्हणून म्हाताऱ्याचे वर्णन करणारा खेळाडू अक्षर पाळून नियम मोडतो.

हा बोलका खेळाडू शाळेच्या वर्गातही असतो, आणि गटकार्याची खरी अडचण तोच असतो. गटात पाच मुले बसविली की अर्थ लावतो एक, माना डोलवितात चार. ज्याला वाचन जड जाते त्याच्या वाट्याला नुसते 'हो' म्हणणे येते. सहकारी खेळाने हे आपोआप सुधारते असे मानू नये. शिक्षकाचे लक्ष नसेल तर ते बिघडतेही.

हा परदेशी संच विकत घेण्याची गरज नाही. पाचवी ते सातवीच्या मुलांनी पुठ्ठ्याचे तीसएक पत्ते करावेत आणि मजकूर मराठीत लिहावा. मराठीत तो लिहू लागताच असे दिसेल की आपली भाषाही चकवे देण्यात मागे नाही. 'पत्ता टाकणे' हाच शब्दप्रयोग घ्यावा. मेंढीकोटात पत्ता टाकणे म्हणजे तो खेळणे. पण नको असलेला पत्ता आपण 'टाकून' देतो, तेही टाकणेच! "एक पत्ता टाकावा व राक्षसाला एक घाव द्यावा" असे पत्त्यावर लिहिले, तर मुलाने हातातील वीर मैदानात उतरवावा की वाया घालवावा? 'उचलणे' या शब्दाचेही तेच: गठ्ठ्यातून उचलावयाचा की पटावरून? "तिसऱ्या फेरीपर्यंत" यात तिसरी फेरी धरावयाची काय? "शेजारच्या पात्राने" म्हणजे एका बाजूच्या की दोन्ही बाजूंच्या? "प्रत्येकाने एक पत्ता द्यावा किंवा एक घाव घ्यावा" यातील निवड ज्याची त्याने करावयाची की साऱ्यांनी मिळून एकच? असे पाचसहा पत्ते शिक्षकाने मुद्दाम संचात ठेवावेत, आणि मुलांना त्याविषयी आधी काही सांगू नये.

तंटा झाला की पत्ता गटातील सर्वांत अडखळत वाचणाऱ्या मुलाने पहिल्या शब्दापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचावा. तोवर इतरांनी बोलू नये. मग प्रत्येकाने आपला अर्थ सांगावा व त्यासाठी पत्त्यातला कोणता शब्द आधाराला घेतला ते बोट ठेवून दाखवावे. "असाच असतो", "आमच्या घरी असेच खेळतात", "नाहीतर आपण हरू" ही कारणे धरू नयेत. शक्य तेथे हा निर्णय डाव मांडण्यापूर्वीच, पत्ते नुसते चाळताना घ्यावा. कारण त्या वेळी कोणता अर्थ कोणाच्या फायद्याचा हे कोणालाच ठाऊक नसते. निर्णय एका वहीत उतरवावा: पत्त्याचे नाव, प्रश्न, ठरलेला अर्थ, आणि तो ज्या शब्दावरून ठरला तो शब्द. पुढे त्याच अर्थाने गट हरू लागला आणि मुले "गुरुजी, दुसरा अर्थ घेऊ या ना" म्हणू लागली, तर चालू डाव वहीप्रमाणेच पुरा करावा आणि नवा अर्थ पुढच्या डावापासून घ्यावा.

महिनाभराने ती वही उघडून ज्या पत्त्यांवर वारंवार तंटा झाला ते बाजूला काढावेत आणि मुलांकडून त्यांचा मजकूर नव्याने लिहून घ्यावा. 'टाकावा' याच्या जागी 'पटावर मांडावा' किंवा 'बाद गठ्ठ्यात ठेवावा' असे. जुना मजकूर खोडू नये. नवा पुठ्ठा त्याच्या पाठीवर चिकटवावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना दोन्ही वाचता येतील.